डोकं दुखतंय ते कोचना आज सांग, टेन-एटीचं नंतर बघू

या वेळचं पत्र एका स्नोबोर्डर मुलीचं आहे, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी १६ वर्षांची आहे, सात वर्षांची असल्यापासून स्नोबोर्ड करतेय आणि आता हाफपाइपमध्ये (दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेला बर्फाचा अर्धगोल चर) ज्युनिअर लेव्हलला खेळते. कोच म्हणतात पुढच्या सीझनपासून नेहमीची शाळा सोड, फुल-टाइम ट्रेनिंगला ये, अभ्यास ऑनलाइन कर. एका बोर्ड कंपनीने दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट पाठवलंय, आई-बाबा खूप खूश आहेत, त्यांनी माझ्यावर किती खर्च केलाय ते मला माहितीये. पण माझ्या ग्रुपमधल्या दोघी, एक १४ ची आणि एक १५ ची, टेन-एटी (हवेत पूर्ण तीन गिरक्या) लँड करतात आणि मी नाइन हंड्रेडवरच (अडीच गिरक्या) अडकलेय. पाच आठवड्यांपूर्वी ट्रेनिंगमध्ये पडले, डोकं मागून आपटलं, हेल्मेट होतं. तेव्हापासून डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, वाचायला बसले की मळमळतं, पण गोळी घेतली की चालतं. कोचना सांगितलं नाही कारण तीन आठवड्यांनी ज्युनिअर चॅम्पियनशिपचं सिलेक्शन आहे. आणि आता मला टेन-एटीची भीती वाटायला लागलीय, आधी कधी वाटायची नाही. मागे पडले तर सगळं संपलं का? शाळा सोडू का? – गूफी"

प्रिय गूफी,

शाळा, कॉन्ट्रॅक्ट, टेन-एटी सगळ्यावर बोलू, पण आधी डोक्याचं. पाच आठवडे डोकं दुखतंय, उजेड नको वाटतोय, वाचलं की मळमळतंय, आणि तू गोळी घेऊन पाइपमध्ये उतरतेयस. हे आजच्या आज थांबव. बोर्ड बाजूला ठेव, आई-बाबांना सांग, कोचना सांग आणि डोक्याच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घे, स्पोर्ट्स मेडिसिनवाले मिळाले तर उत्तमच. आणि मधल्या काळात डोकेदुखी एकदम वाढली, परत परत उलट्या झाल्या, बोलताना गोंधळायला झालं, हात-पाय लुळे वाटले किंवा झोपेतून उठवणं जड गेलं, तर वेळेची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. हे तू एकटीने वाचून उपयोग नाही, घरच्यांनाही दाखव.

तू जे लिहिलंयस ते कंकशनचं वर्णन आहे, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मी डॉक्टर नाही त्यामुळे तुला नक्की काय झालंय ते मी इथून ठरवणार नाही, पण ही लक्षणं घेऊन कुठलाही शहाणा कोच तुला बर्फावर उभं करणार नाही. यात फसवं काय आहे ते सांगते. हाड मोडलं की एक्स-रेमध्ये दिसतं, प्लास्टर लागतं, सगळ्यांना कळतं की ही खेळू शकत नाही. कंकशनमध्ये बऱ्याचदा स्कॅनही नॉर्मल येतो, बाहेरून तू अगदी ठणठणीत दिसतेस, आणि मग आत काय चाललंय ते फक्त तुलाच माहिती असतं. म्हणून तू गप्प राहिलीस तर दुसऱ्या कुणाला कळायला मार्गच नाही. आणि हेल्मेट होतं म्हणतेस, चांगलंच आहे ते, त्याने कवटी वाचते, पण मेंदू आतल्या आत हलतो ते हेल्मेट पूर्ण थांबवू शकत नाही. (तेच हेल्मेट अजून वापरत असशील तर बदल, एवढा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट परत घालायचं नसतं.)

गोळीचं तर अजिबातच पटलं नाही. डोकेदुखी हा तुझ्याकडे असलेला मोठा इशारा आहे आणि तू तोच बंद करून खाली उतरतेयस. शिवाय तू ज्या लेव्हलला जायचं म्हणतेस तिथे डोपिंग टेस्ट असतात, आणि सर्दीच्या साध्या औषधांतसुद्धा स्पर्धेच्या काळात न चालणारे घटक असू शकतात, त्यामुळे आपल्या मनाने गोळ्या घ्यायची सवय आत्ताच मोडलेली बरी.

आता पाइपचा विचार कर. मोठ्या स्पर्धांच्या पाइपची भिंत २२ फुटांची, म्हणजे साधारण पावणेसात मीटर, त्यावर तू अजून दोन-तीन मीटर उडालीस की खालच्या सपाट बर्फापासून नऊ-दहा मीटर वर असतेस. लिपवरून, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेवरून, बोर्ड सुटायच्या आधीचा जो क्षण आहे, जिथे तू खांद्यावरून नजर टाकतेस आणि मान आधी वळते, मग खांदे, मग कंबर, तो सगळा खेळ डोळे, कानातला तोल आणि मेंदू यांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचा आहे, आणि नेमकं हेच कंकशनमध्ये बिघडतं. एक निमिष उशिरा सुटलीस की भिंतीच्या उतारावर न उतरता तू भिंतीच्या माथ्यावरच्या सपाट डेकवर आपटतेस नाहीतर थेट खाली तळाच्या सपाट बर्फावर. मला तर वाटतं तुझी भीती बरीचशी इथूनच आलीय. तुला वाटतंय हिंमत गेली, मला वाटतं तुझ्या शरीराला कळतंय की टायमिंग चुकतंय आणि ते तुला सांगतंय. कंकशनमध्ये चिंता वाढणं, चिडचिड होणं, झोप बिघडणं हेही होतं, तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

पहिला मार भरून यायच्या आत डोक्याला दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं हे तुला कुणी सांगितलंय की नाही माहीत नाही. क्वचित होतं, पण होतं तेव्हा मेंदूला झपाट्याने सूज येते आणि त्यात जीव जाऊ शकतो, आणि अशा ज्या केसेस नोंदल्या गेल्यात त्यात तुझ्या वयाचेच खेळाडू जास्त आहेत. तुला घाबरवायला नाही लिहीत, पण तीन आठवड्यांनंतरच्या सिलेक्शनसाठी तू काय पणाला लावतेयस ते तुला माहीत असायला हवं.

केव्हिन पीअर्सचं नाव ऐकलं असशील. २००९ मध्ये तो अमेरिकेतल्या अव्वल हाफपाइप रायडर्सपैकी एक होता, तेव्हाच्या ऑलिंपिक चॅम्पियन शॉन व्हाइटला टक्कर देणारा, व्हँकुव्हर ऑलिंपिक जेमतेम दीड महिन्यावर आलेलं. ३१ डिसेंबर २००९ ला पार्क सिटीमध्ये ट्रेनिंग करताना डबल कॉर्क (हवेत तिरकं दोनदा उलटत फिरायची ट्रिक) मारायला गेला आणि तोंडावर आपटला. हेल्मेट होतं. मेंदूला गंभीर इजा झाली, कित्येक महिने हॉस्पिटल आणि रिहॅबमध्ये गेले, चालायला-बोलायला नव्याने शिकावं लागलं. डिसेंबर २०११ मध्ये तो परत बोर्डवर उभा राहिला, पण नुसता आनंदासाठी, स्पर्धेत तो पुन्हा कधीच उतरला नाही. नंतर त्याने भावाबरोबर लव्हयुअरब्रेन नावाची संस्था काढली, मेंदूला इजा झालेल्यांसाठी. तुझी केस त्याच्यासारखी आहे असं मी म्हणत नाहीये, तुझी अजून खूप हातातली आहे, आणि म्हणूनच एवढं जीव तोडून लिहितेय.

डॉक्टरांकडे गेलीस की साधारण काय होईल ते सांगते म्हणजे उगाच धाकधूक नको. बहुतेक जण महिनाभरात बरे होतात, तुझ्या वयात मोठ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो, आणि चार आठवडे उलटूनही त्रास चालू असेल तर नीट खोलात जाऊन तपासतात, डोळ्यांची हालचाल, तोल, मान, सगळं, आणि त्यासाठी फिजिओचे व्यायाम असतात ज्यांनी खरंच फरक पडतो. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहा असं हल्ली कुणी सांगत नाही, पहिले एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू चालणं, सायकल असं सुरू करतात. आधी शाळा-अभ्यास पूर्ण झेपायला लागला पाहिजे, मग खेळ. खेळातही पायऱ्या असतात, आधी हलका व्यायाम, मग बर्फावर साधं रायडिंग, मग छोट्या उड्या, मग डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पूर्ण ट्रेनिंग आणि सगळ्यात शेवटी स्पर्धा, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा, आणि त्रास परत सुरू झाला की एक पायरी मागे. कंकशननंतर गुडघा-घोट्याच्या दुखापतीही जास्त होतात असं दिसलंय, म्हणून घाई नको.

म्हणजे सिलेक्शन गेलं, हो. हे गोड करून सांगता येणार नाही, तीन आठवड्यांत तू त्या पाइपमध्ये असायला नकोस. वाईट वाटणारच, रडू येणार, येऊ दे.

कोचना कसं सांगायचं हा प्रश्न तुला पडला असणार. लांबण लावू नकोस. "सर, अमुक तारखेला पडले तेव्हा डोक्याला लागलं, तेव्हापासून डोकं दुखतंय आणि मळमळतंय, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी पाइपमध्ये येत नाहीये." एवढंच. आई किंवा बाबांना शेजारी उभं कर किंवा मेसेज करायचा तर त्यांनाही त्यात घे. आणि ते काय बोलतात ते नीट ऐक, कारण त्यांनी फुल-टाइमला बोलावलंय आणि तुला त्यांच्याबद्दल ठरवायचंय. "आधी का नाही सांगितलंस" म्हणून रागावले तर ठीक आहे, काळजीने माणूस रागावतो. पण "बघू, सिलेक्शन होऊ दे मग दाखवू डॉक्टरला" असं म्हणाले, तर शाळा सोडण्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला, त्या माणसाच्या हाती तुझे पूर्ण दिवस द्यायचे नाहीत.

आता तुझं "मागे पडले तर संपलं का".

तुझ्या डोक्यात हे वय कुठून बसलंय ते मला कळतं. क्लोई किम १७ व्या वर्षी, २०१८ ला प्यॉन्गचांगमध्ये सुवर्ण जिंकली, रेड जेरार्ड त्याच ऑलिंपिकमध्ये १७ व्या वर्षी स्लोपस्टाइल (रेल आणि उड्यांच्या ट्रॅकवरचा प्रकार) जिंकला, आयुमु हिरानोने सोचीला १५ व्या वर्षी रौप्य घेतलं, सु यिमिंगने २०२२ मध्ये बीजिंगला १८ वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना बिग एअरचं (एकाच मोठ्या उडीचा प्रकार) सुवर्ण घेतलं. ही नावं सतत डोळ्यांसमोर नाचत असली की १६ व्या वर्षी म्हातारं झाल्यासारखं वाटतं. पण याच खेळातली दुसरी नावंही बघ ना. ॲना गॅसर आधी जिम्नॅस्ट होती, ते सोडल्यावर ती स्नोबोर्डकडे वळली, म्हणजे तुझ्यापेक्षा कितीतरी उशिरा सुरुवात, आणि तिने बिग एअरची दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली, दुसरं तिशीत. लिंडसे जेकोबेलिस २००६ मध्ये तुरिनला स्नोबोर्ड क्रॉसच्या (सगळ्यांनी एकत्र सुटायची शर्यत) फायनलमध्ये भरपूर पुढे होती, शेवटाकडच्या जंपवर स्टाइल म्हणून बोर्ड पकडायला गेली, पडली, सुवर्ण हातचं गेलं आणि रौप्य मिळालं. ते एक पडणं लोकांनी तिला सोळा वर्षं ऐकवलं. २०२२ ला ३६ व्या वर्षी तिने सुवर्ण घेतलं आणि त्याच बीजिंगमध्ये मिक्स्ड टीमचं दुसरं पण घेतलं, तिचा जोडीदार निक बॉमगार्टनर तेव्हा ४० वर्षांचा होता.

आणि हिरानोचंच घे, १५ व्या वर्षी रौप्य, १९ व्या वर्षी परत रौप्य, मधे २०१७ मध्ये यकृत आणि गुडघा दोन्हीला मार लागून मोठी दुखापत, आणि सुवर्ण कधी तर २३ व्या वर्षी. त्या आठ वर्षांत तो संपला नव्हता.

क्लोईबद्दल अजून एक गोष्ट सांगायची आहे, ती तुझ्या टेन-एटीशी जोडलेली आहे म्हणून. २०१८ च्या फायनलमध्ये तिने तिसऱ्या रनला (रन म्हणजे पाइपमधली एक पूर्ण फेरी, तिघांतली सगळ्यात चांगली धरतात) लागोपाठ दोन टेन-एटी मारले आणि ९८.२५ गुण घेतले, तो रन सगळ्यांना आठवतो. पण तिचा पहिला रनच ९३.७५ चा होता आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लिउ जियायूचा सगळ्यात चांगला रन ८९.७५ चा, म्हणजे तिसरा रन मारला नसता तरी सुवर्ण तिचंच होतं. बीजिंगला तर पहिल्या रनला ९४ गुण घेतले आणि पुढच्या दोन्ही रनमध्ये ती पडली, तरी जिंकली. दोन्ही ऑलिंपिक सुवर्णांना तिचा पहिला, स्वच्छ, सगळं जागच्या जागी बसलेला रनच पुरेसा होता. ट्रिक्स तिच्या अवघड होत्याच, प्रश्न नाही, पण त्या तिच्या पक्क्या होत्या.

हाफपाइपमध्ये जज पूर्ण रन बघतात, हे तुला माहितीये पण १४ वर्षांची मुलगी टेन-एटी मारताना दिसली की आपण विसरतो. उंची किती, ट्रिक किती अवघड, वेगवेगळ्या दिशांनी फिरतेस की एकाच, ग्रॅब (हवेत हाताने बोर्ड धरणं) नीट पकडलास की नुसता हात लावून सोडलास, लँडिंग उतारावर स्वच्छ आलं की हात टेकला, या सगळ्याचा मिळून एक आकडा येतो. मोठ्या स्पर्धेत सहा जज असतात, त्यातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी. त्यामुळे एक डगमगता टेन-एटी आणि त्यापायी पुढच्या दोन उड्यांचा गेलेला स्पीड, यापेक्षा दणदणीत उंचीचा, शेवटपर्यंत ग्रॅब धरलेला नाइन हंड्रेड आणि त्याच्या जोडीला बाकीच्या भिंतींवर वेगळ्या दिशांचे स्पिन हा रन पुष्कळदा वर जातो. मला तुझ्या पत्रात एक शब्द सापडला नाही तो म्हणजे स्विच, नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून खेळणं. फ्रंटसाइड, बॅकसाइड, कॅब (म्हणजे स्विच फ्रंटसाइड) आणि स्विच बॅकसाइड, फिरायच्या या चारही दिशा तुझ्याकडे आहेत का? स्विच बॅकसाइड बहुतेकांचा कच्चा असतो कारण तो अवघड आहे आणि कुणाला करायचा नसतो. बरी झालीस की पुढचा उन्हाळा त्याला दे, माझं मत विचारशील तर. त्या दोघींकडे टेन-एटी आहे, तुझ्याकडे चार दिशा असू देत.

टेन-एटी येईल तेव्हा येईल, पण तो ट्रॅम्पोलिनवर आणि एअरबॅगवर (पडायची हवा भरलेली मोठी गादी) इतक्या वेळा झालेला असला पाहिजे की बर्फावर तो नवा वाटणार नाही. आणि परत सुरुवात करशील तेव्हा सरळ नाइन हंड्रेडला जाऊ नकोस, आधी काही दिवस नुसत्या स्ट्रेट एअर (न फिरता सरळ उडी), मग थ्री-सिक्स्टी, फाइव्ह-फोर्टी, खालून वर ये. भीती कमी होण्याचा मला माहीत असलेला खात्रीचा रस्ता हाच आहे, जे शंभर टक्के येतं त्यापासून सुरू करायचं. तरी राहिलीच तर स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट असतात, जायला लाजायचं काही कारण नाही. शॉन व्हाइट ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूझीलंडला ट्रेनिंगमध्ये असा आपटला की चेहऱ्याला ६२ टाके पडले, नंतर त्याने स्वतः सांगितलंय की परत ती ट्रिक मारताना मनात किती काय चाललं होतं. चार महिन्यांनी तो प्यॉन्गचांगला सुवर्ण जिंकला, सगळ्यांना तेवढंच आठवतं, पण तो तेव्हा ३१ वर्षांचा होता, पाठीशी दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि दिमतीला पूर्ण टीम होती आणि दुखापत चेहऱ्याची होती. तू त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नकोस.

शाळेचं. माझं मत, या वर्षी शाळा सोडू नकोस. कायमचं नाही म्हणत, या वर्षी म्हणतेय, कारण आत्ता तुला वाचायला जमत नाहीये, पुढचे काही महिने तुझ्या हातात नाहीत, आणि अशा अवस्थेत घेतलेला एवढा मोठा निर्णय चांगला नसतो. ऑनलाइन अभ्यास म्हणजे सगळा स्क्रीनवरच, तुझ्या डोक्याला तो सध्या कितपत झेपेल? पुढच्या वर्षी परत विचार कर, आणि तेव्हा त्या प्रोग्रॅमला जाऊन नीट विचारा, आई-बाबांना घेऊन. एका कोचमागे किती मुलं? एअरबॅग आहे का, फिजिओ रोज असतो की महिन्यातून एकदा येतो? अभ्यासाला खरा शिक्षक आहे की नुसता लॉगिन देतात, आणि त्यांच्याकडून गेलेल्या मुलांनी परीक्षा दिल्यात का? सीझन सुरू व्हायच्या आधी डोक्याची बेसलाइन टेस्ट (पुढे तुलना करायला आधीच घेतलेली चाचणी) करतात का, आणि पडलेल्या मुलाला परत बर्फावर सोडायचं की नाही हे कोण ठरवतं, कोच की डॉक्टर? मी असते तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला असता. आणि जखमी होऊन अर्धा सीझन गेला तर फी परत मिळते का, मुलाला ठेवतात की काढतात, हेही. जमलं तर तिथून मधेच बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाच्या घरच्यांशी बोला, पोडियमवरच्या मुलांचे फोटो ते स्वतःच दाखवतील.

मधला मार्ग पण असतो, बरेच जण तो घेतात, शाळेशी बोलून थंडीत हजेरी कमी आणि बाकीच्या महिन्यांत भरून काढायची. स्नोबोर्डचं वर्षच विचित्र असतं, उत्तर गोलार्धातला सीझन संपला की ऑगस्टमध्ये न्यूझीलंडला, मग शरद ऋतूत आल्प्सच्या ग्लेशिअरवर, असं फिरत राहिलं तर घरी किती दिवस उरतात ते कॅलेंडर घेऊन एकदा मोज.

आणि क्लोई किम, परत तिचंच, २०१९ मध्ये घोटा मोडल्यावर २०१९-२० चा पूर्ण सीझन खेळली नाही, प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेली. ऑलिंपिक चॅम्पियनने एक आख्खी थंडी सोडली. २०२१ ला परत आली, एक्स गेम्स ही मोठी स्पर्धा जिंकली, वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिक. त्यामुळे एक सिलेक्शन हुकल्याने सगळं संपतं हे मी मानायला तयार नाही.

कॉन्ट्रॅक्टवर घाईने सही नको. तू कायद्याने अजून सज्ञान नाहीस म्हणजे सही पालकांची लागणार, आणि त्यांनी ती करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवावं, त्याला पैसे द्यावे लागले तरी. बघायचं काय, तर पैसे देतायत की फक्त सामान? तुझ्या वयाच्या बहुतेक डील नुसत्या बोर्ड-बाइंडिंगच्या असतात, त्यात वाईट काही नाही पण मग त्या बदल्यात ते काय काय मागतायत ते त्या मानाने हवं. फक्त बोर्डसाठी बांधलं जातेयस की बूट, गॉगल, जॅकेट, हेल्मेट सगळ्यासाठी? उद्या राष्ट्रीय टीममध्ये गेलीस आणि टीमचा स्पॉन्सर दुसरा निघाला तर काय? महिन्याला किती व्हिडिओ-फोटो टाकायचेत? करार संपल्यावर तुझे फोटो ते किती दिवस वापरणार? दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीने बोलावलं तर आधी यांना विचारायची अट आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखापतीचं कलम. काही करारांत इतके महिने खेळली नाहीस तर पैसे बंद किंवा करारच रद्द असं असतं. आणि हो, या दुखापतीचं कंपनीला सही करायच्या आधी सांगा, लपवून केलेला करार पुढे त्रास देतो. सांगितल्यावर त्यांनी माघार घेतली तर घेऊ देत, महिन्या-दोन महिन्यांचा धीर धरता न येणारी कंपनी दोन वर्षं तुला सांभाळणार होती असं वाटत नाही.

करिअर म्हणजे फक्त ऑलिंपिक नाही हे तुला आता पटणार नाही कदाचित, तरी नोंदवून ठेवते. टेर्ये हाकोन्सेन, हाफपाइपचा त्या काळातला बहुतेकांच्या मते सगळ्यात भारी रायडर, १९९८ ला नागानोमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा मुद्दाम गेलाच नाही, आणि त्याचं नाव आजही रायडर लोक आदराने घेतात. ट्रॅव्हिस राइसने डोंगरातल्या रायडिंगवर आणि फिल्मवर नाव कमावलं. एस्तेर लेडेत्स्काने तर २०१८ मध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचं सुपर-जी आणि स्नोबोर्डचं पॅरलल जायंट स्लॅलम, या दोन्ही शर्यतींची सुवर्णं घेतली, त्याआधी लोक तिला वर्षानुवर्षं सांगत होते की दोनपैकी एक निवड. बाकी कोचिंग, जजिंग, पार्क बांधणारे शेपर, हे सगळं त्याच बर्फावर आहे.

शेवटचं, पैशाचं. तू लिहिलंयस की आई-बाबांनी किती खर्च केला ते माहितीये, आणि मला वाटतं गप्प राहण्यामागे सिलेक्शनइतकंच हेही आहे. अगं, त्यांनी लिफ्टचे पास, कोच, प्रवास, विमा यावर जो खर्च केला तो झाला, तो तू डोकं फोडून परत करायचा नाहीयेस. हे त्यांच्याशी बोल. सरळ विचार की अजून किती वर्षं हे आपल्याला जमणार आहे, कुठे कर्ज काढलंय का, धाकटं भावंड असेल तर त्याचं काय. १६ व्या वर्षी तुला हे माहीत असायला हरकत नाही, उलट माहीत नसलं की माणूस मनातल्या मनात आकडे फुगवतो. आणि आई-बाबांनो, तुम्ही हे वाचत असाल तर आज तिला खर्चाबद्दल एक शब्द बोलू नका, सिलेक्शनबद्दलही नको. आधी डॉक्टर. तिने पाच आठवडे एकटीने हे ओढलंय.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, त्यांची परवानगी मिळाली की स्विच बॅकसाइडवर सविस्तर बोलू.

– ताई